मावळ्याची बाराबंदी घरी शिवायचीय? कापड भिजवण्यापासून काठ लावेपर्यंत सगळं

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला मुलं आणि मोठे मिळून एक छोटं नाटक करायचं ठरलं, मीटिंगमध्ये कपड्यांचा विषय निघाला आणि कोणीतरी म्हणालं "अगं तुझ्याकडे मशीन आहे ना", झालं, चौदा बाराबंद्या (पुढचे दोन भाग एकावर एक घेऊन बंदांनी बांधायचा सदरा) माझ्या गळ्यात पडल्या. मशीन होतं हे खरंय, पण त्यावर मी तोपर्यंत उशांचे अभ्रे, परकर आणि पडदे आखूड करणं यापलीकडे काही केलं नव्हतं. भाड्याचे ड्रेस आधी बघून आलो होतो, सगळे चकाकत्या सॅटिनचे, काखेत घामाचे पिवळे डाग, आणि मोठ्यांसाठी एकच माप. म्हणून मग घरी शिवायचं ठरलं.

माझं नशीब एवढंच की मी मूळची सोलापूरची. आमच्याकडे संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा पांढरी बाराबंदी घालून लोक नंदीध्वजाबरोबर चालतात, त्यामुळे बाराबंदी म्हणजे म्युझियममधली वस्तू नाही, मामांच्या कपाटातली आहे. मामांकडून एक जुनी, विरलेली बाराबंदी मागवली आणि त्यांना सांगून ती चक्क उसवली. उसवताना जेवढं शिकले तेवढं दहा व्हिडिओ बघून नसतं समजलं. तुमच्या ओळखीत कोणाकडे असा जुना कपडा असेल तर आधी तो मागा. (बंद मोजले तर आठच निघाले, मामा म्हणाले बारा बांधत बसलो तर नंदीध्वज पुढं जाईल.)

खाली लिहिलंय ते ज्यांना मशीनवर सरळ टीप मारता येते पण कपडा शिवायची भीती वाटते त्यांच्यासाठी आहे. ज्यांना ब्लाउज शिवता येतो त्यांना हे पोरखेळ वाटेल.

आधी सामान काढून ठेवा

- साधं शिलाई मशीन, पायाचं असो की मोटरचं. झिगझॅग नसलं तरी चालतं
- सुया: पॉपलिनला १४ नंबर, सॅटिनसारख्या पातळ कापडाला ११, वेल्वेट किंवा चार-पाच थर एकत्र येतील तिथं १६. प्रत्येकी दोन तरी, कारण तुटतात आणि त्या नेमक्या रात्री अकराला तुटतात
- कापडाची कात्री आणि कागदाची कात्री वेगळी. कापडाच्या कात्रीला दोरा बांधून ठेवा म्हणजे घरातलं कोणी तिनं दुधाची पिशवी कापणार नाही
- टेप, टेलरचा खडू, टाचण्या, हातसुया, उसवणी
- ब्राउन पेपर किंवा जुने पेपर चिकटवून, पॅटर्नसाठी
- मांजरपाट (कोरं, साधं सुती कापड) दोन-अडीच मीटर, नमुन्यासाठी
- इस्त्री आणि एक पातळ सुती फडकं
- सेफ्टी पिना. जास्त घ्या. अजून जास्त घ्या

१. कोणाला काय घालायचंय ते लिहून काढा

सगळ्यांना एकसारखा ड्रेस दिला की ते लेझीम पथक दिसतं. साध्या मावळ्याला कमरेच्या खाली चार-पाच इंच येणारी बाराबंदी, सरदाराला गुडघ्यापर्यंत घेरदार अंगरखा आणि जरीचा काठ, हेरांना घोंगडी, एवढा फरक केला तरी प्रेक्षकांना कोण कोण ते लगेच कळतं. मी इथं बाराबंदीच सांगणार आहे, अंगरख्याचा वरचा भाग जवळपास तसाच असतो, खाली कळ्या (वर निमुळते, खाली रुंद तुकडे) जोडून घेर वाढवायचा.

चित्रं बघायची तर कॅलेंडरवरची बघू नका. ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये १६८६ च्या आसपासचा दख्खनी चित्रांचा एक संग्रह आहे, त्यात महाराजांचंही चित्र आहे आणि ते ऑनलाइन बघता येतं, झूम करून कपड्यांची ठेवण बघा. पुण्यात असाल तर केळकर म्युझियमची एक चक्कर मारा, वही घेऊन जा.

रंगाचं एक सांगते. पहिला कृत्रिम रंग पर्किननं १८५६ मध्ये बनवला, त्याआधी सगळं नीळ, मंजिष्ठ, हळद, लाख, डाळिंबाची साल यावर चालायचं. म्हणजे तो ट्रॅफिक पोलिसांच्या जॅकेटसारखा केशरी आणि पोपटी हिरवा आपल्या मावळ्याकडे असणं शक्यच नाही. विटकरी, गडद निळा, हळदीचा पिवळा, मळखाऊ पांढरा, तपकिरी यातच राहा, आणि गंमत म्हणजे स्टेजवर हेच रंग छान दिसतात.

आणि बंद कुठल्या बाजूला हे कापायच्या आधी ठरवा. त्या काळात हिंदू जामा (असाच बंदांचा घेरदार अंगरखा) डावीकडे बांधायचे आणि मुसलमान उजवीकडे. म्हणजे आपल्या मावळ्यांचा उजवा पल्ला (पुढचा उजवा भाग) वर येऊन घालणाऱ्याच्या डाव्या कुशीला बांधला जाणार, आणि नाटकात आदिलशाही किंवा मुघल सरदार असतील तर त्यांचं बरोब्बर उलटं. प्रेक्षकांत एखादे इतिहासवाले काका असतातच, त्यांना हे दिसलं की ते तुमच्यावर खूश.

२. मापं घ्या, पण फोनवर मागू नका

मी व्हॉट्सॲपवर मागितली होती. एकानं छाती ३२ लिहिली, पोट बघता ते १९९८ सालचं माप असावं. प्रत्यक्ष बोलवा आणि टेप लावा. लागतात एवढीच: छाती, पोट (मोठ्यांचं तर नक्कीच, छातीपेक्षा जास्त असेल तर तेच धरायचं), खांद्यापासून हवी तेवढी उंची, आणि मानेच्या मागच्या हाडापासून मनगटापर्यंतची लांबी. शेवटचं माप हात कोपरात किंचित वाकवून घ्या, कारण तलवार सरळ हातानं कोणी चालवत नाही.

३. कापड

साध्या मावळ्यासाठी सुती पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक, ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं. ३८ छातीच्या माणसाला, ३० इंच कापलेली उंची धरून, अडीच मीटर पुरतं. भिजवल्यावर आटतं म्हणून पावणेतीन घ्यायचं. पुण्यात मी रविवार पेठेतून ठोकमध्ये घेतलं, लेस आणि बारीकसारीक सामान बोहरी आळीतून. मुंबईवाल्यांना मंगलदास मार्केट आणि भुलेश्वर आहेच.

दुकानदार "टेरीकॉट घ्या मॅडम, इस्त्री लागत नाही" म्हणेल. घेऊ नका. एक तर ते चहात रंगत नाही (पुढे सांगते), दुसरं म्हणजे लाइट्सखाली मुलं घामानं निथळतात. सरदारासाठी खण घेत असाल तर पन्हा आधी मोजा, पारंपरिक खण अरुंद असतो, ४४ चा हिशोब लावून गेलात तर पाठीचा तुकडा बसणार नाही, मध्ये जोड द्यावा लागेल. वेल्वेट घेतलंत तर त्याची लव सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला यायला हवी, नाहीतर एक बाही काळी आणि एक बाही जांभळी दिसते.

४. कापड भिजवा. हो, भिजवाच

इथं नव्वद टक्के लोक आळस करतात, मीपण केला. पहिल्या दोन बाराबंद्या न भिजवता शिवल्या, छान झाल्या, मग तालमीत मळल्या म्हणून धुतल्या आणि बाह्या मनगटाच्या वर दीड इंच. सुती कापड मीटरला दोन इंचापर्यंत आटू शकतं आणि ते उभ्या धाग्यात जास्त आटतं, म्हणजे नेमकी उंची आणि बाही जाते.

काय करायचं: कापडाची घडी मोडून बादलीत साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. गडद रंग असेल तर वेगळ्या बादलीत आणि मूठभर मीठ टाका, पाणी रंगीत झालंच तर रंग जाईपर्यंत दोन-तीनदा पाणी बदला, विटकरी शेला आणि पांढरी बाराबंदी एकत्र घामाला लागले की काय होतं याची कल्पना करा. सकाळी पिळू नका, नुसतं दाबून पाणी काढा आणि दोरीवर काठाला काठ जुळवून वाळत घाला. पूर्ण कडक वाळायच्या आत, किंचित दमट असतानाच इस्त्री करा, उभ्या धाग्याच्या दिशेनं. खळ निघून गेल्यावर कापड एकदम मऊ पडतं आणि "अरे हे वेगळंच कापड आहे" असं वाटतं, तेच खरं कापड.

मग धागा सरळ करा. दुकानात कात्रीनं कापलेलं टोक कधीच सरळ नसतं. काठापाशी एक बारीक चीर द्या आणि पॉपलिन हातानं फाडा, ते आडव्या धाग्यात सरळ फाटत जातं, तो आवाज ऐकून घरातले धावत येतील, येऊ द्या. आता दुमडून बघा, काठाला काठ लावल्यावर फाडलेल्या कडा जुळत नसतील तर कापड तिरकं झालंय, दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरून तिरकं ओढायचं, चादर झटकताना ओढतो तसं. लेस आणि काठाची पट्टीसुद्धा भिजवा, हे कोणी सांगत नाही. लेस नंतर आटली की खालचं सगळं कापड चुण्या पडून गोळा होतं.

५. पांढरं मळवणं: चहाचं पाणी

कोरा पांढरा रंग स्टेजच्या लाइटमध्ये डोळ्यावर येतो, फोटोत तर माणसाचा चेहरा काळा आणि कपडे पेटलेले असं दिसतं. त्यामुळे पांढऱ्याला चहा द्यायचा. मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी, त्यात आठ-दहा चमचे साधी चहापूड, पाच-सात मिनिटं उकळा, गाळा. गाळाच, पूड राहिली तर ठिपके पडतात. कापड आधी साध्या पाण्यातून ओलं करून घ्या आणि मगच चहात टाका, कोरडं टाकलं की ढगांसारखे डाग येतात. वीस मिनिटं, मधूनमधून हलवत. ओलं असताना रंग जास्त गडद दिसतो, वाळल्यावर बराच उतरतो, म्हणून आधी चिंधीवर करून बघा आणि ती इस्त्रीनं वाळवा.

चौदा जणांचं कापड एकाच पातेल्यात मावत नाही, आणि प्रत्येक घाण्याचा रंग थोडा वेगळा येतो. येऊ दे. मावळे काही युनिफॉर्म घालून फिरत नव्हते. फक्त एका माणसाचं सगळं कापड एकाच घाण्यात जाऊ द्या.

६. कागदावर कापा, मग मांजरपाटावर, मग खऱ्या कापडावर

३८ छातीचा हिशोब सांगते, आपापलं बसवून घ्या. छातीत ६ इंच ढिलाई मिळवा, ४४ झाले, त्याचा चौथा भाग ११. लहान मुलांना ४-५ इंच ढिलाई बास.

पाठ: रुंदी २२, उंची हवी तेवढी. गळ्याची रुंदी मध्यापासून दोन्हीकडे ३ इंच, खोली फक्त १ इंच. खांद्याला बाहेरच्या टोकाला १ इंच उतार. मुंढ्याला (बाही जोडतात त्या जागेला) गोलाई द्यायची नाही, सरळ ९ इंच खाली खूण. ब्लाउज शिवणाऱ्यांचा हात आपोआप गोल वळतो, वळू देऊ नका.

पुढचे दोन पल्ले: कुशीपासून मध्यापर्यंत ११, आणि तिथून पुढं कमरेच्या रेषेवर अजून ८ इंच जास्तीचे. खांद्यावरच्या गळ्याच्या खुणेपासून कमरेवरच्या त्या टोकापर्यंत तिरकी सरळ रेघ मारा, तिथून खाली सरळ. हीच ती एकावर एक येणारी बाजू.

बाही: वर रुंदी १८ (मुंढा ९ दुप्पट), मनगटाला १०, सरळ तिरकी रेघ. लांबी काढताना मानेपासूनच्या मापातून ११ वजा करा कारण खांदा आधीच खाली उतरलेला आहे. हे वजा करायला विसरलात तर बाही गुडघ्याला लागेल, हसू नका, एक झाली होती.

चौबगला: साडेपाच इंचाचे दोन चौकोन. काखेत बसणारा हा तुकडा म्हणजे या कपड्याची जान आहे. तो नसेल तर हात वर केला की अख्खी बाराबंदी वर जाते आणि पोट उघडं पडतं, आणि मावळा "हर हर महादेव" म्हणताना हात वर करणारच.

वरच्या सगळ्या मापांना चारी बाजूंनी पाऊण इंच माया (शिवणीत जाणारं जास्तीचं कापड) सोडा, फक्त चौबगल्यात ती धरलेली आहे, तो शिवून ४ इंचाचा होतो. बाहीच्या आणि खालच्या दुमडीला अजून एक इंच.

मांडणी करताना दोन्ही पल्ले शेजारी-शेजारी, त्याखाली पाठ, पाठीच्या शेजारी जी जागा उरते तिथून बंदांच्या पट्ट्या, आणि शेवटी दोन्ही बाह्या. पल्ल्यांच्या तिरक्या कडेला जो त्रिकोण वाया जातो त्यातून बरोब्बर चौबगला निघतो, दोन्हीकडून एकेक. उसवलेल्या बाराबंदीतही चौबगल्याचा धागा बाकीच्यापेक्षा वेगळ्या दिशेनं होता, म्हणजे त्या शिंप्यानंही उरलेल्यातूनच काढला असणार. मला हे लक्षात आल्यावर फार भारी वाटलं.

मोठा सापळा: दोन पल्ले एकमेकांच्या आरशातले असले पाहिजेत. साध्या पॉपलिनला सुलट-उलट नसतं त्यामुळे चुकलं तरी तुकडा पलटवून टाकता येतो. पण खण, ब्रोकेड, प्रिंट यांना एकच सुलट बाजू असते. मी सरदाराच्या खणाचे दोन्ही पल्ले डावे कापले, आणि तेही रात्री, आणि तोच रंग दुकानात परत मिळाला नाही, शेवटी तो सरदार आदिलशहाकडे पाठवला आणि त्याचा आतला पल्ला साध्या कापडाचा केला. तुम्ही कापायच्या आधी दोन्ही पेपर पॅटर्न कापडावर ठेवून बघा, एकमेकांकडे तोंड करून बसलेत ना.

मांजरपाटाचा नमुना एका मोठ्याचा आणि एका लहानाचा करा, बाकीचे त्यावरून कमी-जास्त होतात. नमुना कच्च्या टाक्यांनीच शिवा आणि घालणाऱ्याला तलवार फिरवायला, खाली बसायला, मुजरा करायला लावा. नुसतं आरशासमोर उभं राहून काही कळत नाही.

७. शिवायचा क्रम

क्रम चुकला तर चौबगला बसत नाही, बाकी काही अवघड नाही.

आधी पल्ल्यांच्या तिरक्या कडेवर, कडेपासून पाव इंचावर, एकेरी टीप मारून ठेवा. हे सगळ्यात आधी, अगदी कापल्या कापल्या. ती कड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली आहे, तिला हात लागेल तशी ती लांबते, दोनदा उचलून ठेवली की गळ्यापाशी पोळीच्या कडेसारखी लाटालाटांची होते आणि मग कितीही इस्त्री करा, बसत नाही.

मग खांदे जोडा. मग बाह्या मुंढ्याला सपाट जोडा, सगळा कपडा अजून उघडाच आहे, क्रॉससारखा दिसतो. आता चौबगल्याची एक बाजू बाहीच्या मागच्या कडेला लावा, मुंढ्याची शिवण जिथं संपते तिथून सुरुवात. पुढची बाजू पाठीच्या कुशीला. मग घडी घालून उरलेल्या दोन बाजू पुढच्या बाहीला आणि पल्ल्याला. आणि शेवटी चौबगल्यापासून मनगटापर्यंत एक टीप, चौबगल्यापासून खाली कुशीची एक टीप. कुशीला खालचे चार इंच मोकळे सोडा, चालताना बरं पडतं.

चौबगल्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर टीप कडेपर्यंत न्यायची नाही, पाऊण इंच आधी थांबून मागं-पुढं करून दोरा तोडायचा. कोपऱ्यातून आरपार गेलात की तिथं चुणी येते आणि ती चुणीच पहिल्यांदा फाटते. मला पहिला चौबगला बसवायला दीड तास लागला, चौदावा दहा मिनिटांत. काखेतल्या सगळ्या शिवणींवर दुहेरी टीप.

तिरक्या कडेला आतून दीड इंच रुंदीची, उभ्या धाग्यात कापलेली पट्टी लावा. पट्टीची लांबी पेपर पॅटर्नवरून मोजा, कापडावरून नाही, कारण कापड तोपर्यंत लांबलेलं असतं. पट्टी थोडी कमी पडतेय असं वाटेल, कापड हातानं सारून पट्टीत बसवा, गळा छान अंगाला बसतो.

८. बंद

सव्वा इंच रुंद, १२ इंच लांब पट्ट्या, दोन्ही कडा आत दुमडून वरून टीप. उलटवून काढायच्या भानगडीत पडू नका, चौदा माणसांचे बंद उलटवत बसलात तर शिवजयंती पुढच्या वर्षी करावी लागेल. टोकाला गाठ मारा.

लोक विसरतात तो आतला बंद. डाव्या पल्ल्याचं टोक उजव्या कुशीला आतून बांधायचं असतं, ते आधी, आणि मग वरचा उजवा पल्ला डाव्या कुशीला. आतला बंद नसेल तर आतला पल्ला घसरून खाली लोंबतो. मी एक जोडी आत, तीन बाहेर दिल्या: छातीवर एक, कमरेच्या वर एक, कमरेवर एक. बंद शिवणीत अडकवून तर शिवाच, वर चौकोन करून त्यात फुलीची टीप मारा, मुलं बंद धरूनच एकमेकांना ओढतात.

ज्याला एका प्रवेशातून दुसऱ्यात कपडे बदलायचेत त्याच्या बंदांच्या खाली वेल्क्रो लावा आणि बंद नुसते बांधलेल्या गाठीचे वरून शिवून टाका. शुद्धतावादी रागावतील, पण ब्लॅकआउटमध्ये गाठ सुटत नाही तेव्हा तेच मदतीला येत नाहीत.

९. काठ, लेस, बुट्ट्या

हा भाग सगळ्यांना आधी करायचा असतो. सगळ्यात शेवटी करा, पण कुशीची शिवण घालायच्या आधी बाहीची लेस लावून घेतलीत तर सोपं जातं, नळीसारख्या बाहीत हात घालून लेस लावणं म्हणजे वैताग.

पहिली गोष्ट, बारीक काम करू नका. माझ्या जावेनं हौसेनं एका गळ्यावर छोट्या छोट्या टिकल्या आणि मोती लावले, तीन संध्याकाळी घालवल्या, तिसऱ्या रांगेतून फक्त राखाडी पट्टा दिसत होता. दीड-दोन इंचाचा ठसठशीत काठ, कपड्याच्या रंगाच्या विरुद्ध, एवढंच पोचतं.

दुसरी, नवीन लेसपेक्षा जुन्या साडीचा काठ दहापट चांगला दिसतो. घरातल्या कपाटात एक तरी साडी असते जिचं अंग फाटलंय पण काठ शाबूत आहे. माझ्या सासूबाईंनी त्यांची एक इरकल दिली, "कापताना मला बोलवू नकोस" एवढं म्हणाल्या. काठ कापताना साडीच्या अंगाचा अर्धा इंच बरोबर घ्या, तो आत दुमडायला लागतो. बाहेरची कड मुळात पक्की असते म्हणून दुमडायची एकच बाजू. साडी रेशमी आणि जुनी असेल तर दुमडीवर ती चिरते, म्हणून मागून मलमलची पट्टी कच्च्या टाक्यांनी लावून घ्या आणि मगच मशीनखाली न्या.

लावताना: आधी टाचण्या, मग कच्चे टाके, मग मशीन. दोन्ही कडांची टीप एकाच दिशेनं, म्हणजे एक कड वरून खाली शिवली तर दुसरीही वरूनच सुरू करायची. जाता-येता शिवलीत की लेस तिरकी पीळ घेते. टाका मोठा ठेवा. दोरा जरीच्या रंगाचा साधा पिवळट घ्या, चकाकता घेतला तर मशीनमध्ये सारखा तुटतो. कमरेवरच्या कोनात लेस कापू नका, दुमडून तिरकी घडी घाला आणि घडीवर हातानं टाके.

हिशोबाची गंमत सांगते. गळ्यापासून दोन्ही पल्ले, खालचा घेर, बाह्या असं सगळं धरलं तर एका बाराबंदीला चार मीटर लेस लागते. पण आतल्या डाव्या पल्ल्याला गळ्यापासून आठ-दहा इंचच दिसतं, पुढचं सगळं झाकलेलं, खालची कडही झाकलेली. तिथं लावलीच नाही तर तीन मीटरमध्ये भागतं, आणि लेसचं बंडल बहुतेक ९ मीटरचं येतं, म्हणजे एका बंडलात तीन माणसं. घालणाऱ्यांना सांगू नका, नाराज होतात.

बुट्ट्या हव्या असतील तर लाकडी ठसा किंवा अर्ध्या बटाट्यावर कोरलेली कोयरी, आणि सोनेरी फॅब्रिक कलर. कलर ठशाला स्पंजनं लावा, बुडवू नका. कापडाखाली जुनी चादर घालून टेबल मऊ करा. चोवीस तास वाळू द्या आणि उलट बाजूनं इस्त्री करा म्हणजे रंग पक्का होतो.

आणि इस्त्री! हल्लीची बरीचशी जर म्हणजे प्लास्टिकचाच प्रकार, गरम इस्त्री थेट टेकवली की ती आक्रसते आणि इस्त्रीला चिकटते. वर फडकं टाकून, कोमट. ग्लू गननं लेस चिकटवायचा मोह होईल, शेल्यावरच्या एखाद्या कुंदनाला ठीक आहे, पण वाकणाऱ्या कडेला नको, कडक होऊन सुटते आणि गळ्याला टोचते.

१०. बाकीचं पटकन

सुरवारीच्या ऐवजी मोठ्यांना पांढरा चुडीदार किंवा सुती पायजमा, मुलांना लेगिंग, चहात बुडवून. स्टेजवर कोणी पायाकडे बघत नाही.

शेला मात्र नीट करा, कमरेला घट्ट बांधलेल्या शेल्यानंच ढगळ बाराबंदीला आकार येतो. साडेतीन मीटर लांब, चौदा इंच रुंद, जुनी सुती साडी उभी फाडली की तीन शेले. तलवार खोचायची असेल तर शेल्याच्या आत डाव्या बाजूला बेल्टची पट्टी शिवा, नुसती खोचलेली तलवार पळताना पायात येते.

मुंडासं मुलांना दर वेळी बांधत बसू नका. सुती टोपीवर मलमलचा पीळ फिरवा, लहानांना तीन मीटर, मोठ्यांना पाच, आणि प्रत्येक फेऱ्याला मोठे टाके घालत टोपीला शिवून टाका. मागं इलॅस्टिक.

११. रंगीत तालीम आणि त्यानंतर

रंगीत तालीम नाटकाच्या आदल्या दिवशी ठेवू नका, किमान तीन दिवस आधी. आमच्याकडे त्या दिवशी दोन बंद तुटले, एकाची कुस उसवली, एक मुलगा आठवड्यात वाढला असावा असं वाटलं, आणि एकाची बाराबंदी सापडेचना, ती त्याच्या आजीनं धुवायला टाकली होती. भिजवलेलं कापड होतं म्हणून वाचले.

प्रत्येक कपड्याच्या आत गळ्यापाशी नाव लिहिलेला नाडीचा तुकडा शिवा, पेननं लिहू नका, मार्करनं लिहा. विंगेत एका पिशवीत सुई-दोरा ओवून ठेवलेला, सेफ्टी पिना, दोन जास्तीचे बंद, टिश्यू आणि टाल्कम पावडर. पावडर घामाच्या डागांसाठी.

नाटक झाल्यावर कपडे घामट असताना पिशवीत कोंबू नका, रात्रीतच उलटे करून वाऱ्यावर टाका. जरीचा काठ असलेले हातानं, गार पाण्यात, न पिळता. बाकीचे मशीनमध्ये टाकले तरी चालतात, बंद आधी एकमेकांना बांधून ठेवा, नाहीतर चौदा बाराबंद्यांची एक वेणी बाहेर येते आणि ती सोडवायला अख्खा रविवार जातो, माझा गेला.